चौथा होल्डर

कीथ खोटं बोलायचा हे अख्ख्या फ्लिंडर्स बेटाला माहीत होतं. “उद्या देतो” म्हणाला की पुढचा बुधवार धरायचा, आणि “नवीन पार्ट टाकलाय” म्हणाला की जुनाच घासूनपुसून बसवलाय असं समजायचं. पण त्याचं खोटं चाळीस वर्षांच्या ओळखीचं होतं, त्यामुळे त्याचा कुणाला राग यायचा नाही. कीथ गेल्यावर व्हाइटमार्कमधलं त्याचं गॅरेज दीड वर्ष बंद राहिलं, आणि मग डर्मट क्विल नावाच्या पलीकडच्या माणसाने ते घेतलं.

पलीकडचा, म्हणजे सामुद्रधुनीच्या पलीकडचा. टास्मानियाच्या मुख्य बेटावर म्हणे त्याचं चांगलं चाललं होतं. ते सोडून हजार माणसांच्या, वाऱ्याने झोडपलेल्या बेटावर तो का आला, हे त्याने कुणाला सांगितलं नाही. आणि जे सांगितलं नाही त्याचं काय होतं हे बेटावर राहिलेल्याला ठाऊक असतं. कुणी म्हणालं बायकोला सोडून आला, कुणी म्हणालं दिवाळं काढून आला. डर्मट यातलं काही खोडून काढत नसे. तो मुळात बोलायचाच कमी. गाडीचं दुखणं दोन शब्दांत सांगायचा, काम झालं की हात स्वच्छ धुवायचा आणि काढलेला जुना पार्ट कागदी पिशवीत घालून मालकाच्या हाती द्यायचा.

“जुना पार्ट घेऊन मी काय करू?” पहिल्या वेळी ग्लेनिस वॉर्डलॉने त्याला विचारलं होतं.

“तुमचा आहे तो,” तो म्हणाला.

ग्लेनिसला हे उत्तर आवडलं नाही. अति सोवळेपणा दाखवणाऱ्या माणसाकडे तिने आयुष्यभर तिरक्या नजरेनेच पाहिलं होतं.

ग्लेनिस सत्तावन्न वर्षांची. बेटावरच्या एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या घरी जायचं, त्यांना आंघोळ घालायची, गोळ्या द्यायच्या, पायाच्या जखमा धुऊन बांधायच्या, हे तिचं काम. अकरा घरं, पार लेडी बॅरनपासून किलिक्रॅन्कीपर्यंत पसरलेली. नवरा ॲथल जाऊन चार वर्षं झाली होती आणि त्याची साडेसहाशे सीसीची मोटरसायकल ती चालवत होती. मागे दोन पेट्या, एकीत बँडेज आणि मलमं, दुसरीत डबा आणि रेनकोट. गाडी विकून बारकी मोटार घे म्हणणारे पुष्कळ होते. ती ऐकून घ्यायची आणि हेल्मेट चढवायची.

फेब्रुवारीत एक दिवस गाडीच्या मीटरवरचा लाल दिवा लागला. इंजिनाच्या बगलेतून हिरवट पाणी ठिबकत होतं. डर्मटने बॅटरीच्या उजेडात खाली वाकून पाहिलं आणि म्हणाला, “होल्डर गेलाय.”

“कसला होल्डर?”

त्याने बोटाने दाखवलं. इंजिन किती तापलंय ते सांगणारा एक पितळी सेन्सर असतो. तो बसतो काळ्या प्लॅस्टिकच्या एका बोंडात, आणि ते बोंड दोन बोल्टने इंजिनाला लावलेलं असतं. प्लॅस्टिक वीस वर्षांचं झालं होतं, पांढुरकं पडून तडकलं होतं. कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं ते हिरवट पाणी, तिथूनच गळत होतं.

“एवढंसं बोंड? त्याच्यापायी गाडी बंद?”

“कूलंट संपलं तर इंजिन जळेल.”

पार्ट बोटीने आला, त्याने तो बसवला, जुना पिशवीत घालून दिला. घरी आल्यावर ग्लेनिसने शेडमध्ये गाडी उभी केली, सवयीने ॲथलचा स्क्रू पाना काढला आणि गाडीवर जे जे नवं लागलं होतं ते आवळून पाहिलं. दुसऱ्याने लावलेला नट एकदा आपल्या हाताने आवळावा, ही ॲथलची शिस्त. होल्डरमधला तो पितळी सेन्सर तिला जरा सैल वाटला. टाकीखाली अंधारात हात घालून तिने तो चांगला घट्ट केला, हात पुसले आणि घरात जाऊन बटाटे उकडायला ठेवले.

तीन आठवड्यांनी लाल दिवा पुन्हा लागला.

“तोच होल्डर,” डर्मट म्हणाला. या खेपेस तो जरा जास्त वेळ वाकून राहिला होता.

“नवा होता ना तो?”

“नवाच होता.”

“मग?”

त्याने खांदे उडवले. “कधीकधी पार्टच खराब येतो. दुसरा मागवतो.”

त्या संध्याकाळी ग्लेनिसने ही गोष्ट दिराला सांगितली. व्हर्न ॲथलचा धाकटा भाऊ. आपल्या शेडमध्ये तो शेजाऱ्यापाजाऱ्यांचे ट्रॅक्टर दुरुस्त करून द्यायचा. कीथचं गॅरेज आपल्याला मिळेल असं त्याला फार वाटलं होतं, पण कीथच्या मुलीने ते परस्पर विकलं, आणि तेव्हापासून व्हर्न त्या रस्त्याने जाताना तोंड समुद्राकडे फिरवायचा.

“एकदा झालं तर समजू शकतो,” व्हर्न म्हणाला. “दुसऱ्यांदा झालं म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय, ग्लेन.”

“पण मुद्दाम कशाला करेल तो?”

“गिऱ्हाईक परत यावं म्हणून. आणि तुझ्यासारखं गिऱ्हाईक. तू अकरा घरांत जातेस, कोण आजारी, कोण घर विकणार, कोणाच्या शेडमध्ये काय पडलंय हे तुला माहीत. तुला तासभर गॅरेजमध्ये बसवून घेतलं की सगळं बेट कळलं.”

ग्लेनिस हसली, पण मनात पाल चुकचुकलीच. डर्मट मागे एकदा म्हणाला होता, “तुम्ही कुठल्या दिवशी कुठल्या घरी जाता ते सांगून ठेवा.” तिने तेव्हा सरळ सांगून टाकलं होतं. आता ते आठवून तिला अंगावरून झुरळ गेल्यासारखं झालं. सोमवारी आणि गुरुवारी लेडी बॅरन, मंगळवारी आणि शुक्रवारी किलिक्रॅन्की. म्हणजे तिच्या घरी कुणी नसतं ते दिवससुद्धा त्याला ठाऊक झाले.

पार्ट आल्यावर ती गॅरेजमध्ये गेली ती खुर्चीवर बसलीच नाही. डर्मटच्या डोक्यावर उभी राहिली.

“उजेड अडतोय,” तो म्हणाला.

“मग बॅटरी लाव. मला बघायचंय.”

“बघा.”

त्याने कूलंट खाली काढून घेतलं. दोन बोल्ट सोडले, तडकलेला होल्डर काढला, इंजिनावरची जागा फडक्याने पुसली. नव्या होल्डरची रबराची रिंग बोटाने ओली करून खोबणीत बसवली. सेन्सर आधी हाताने फिरवला, मग बारीकशा पान्याने जरासा. ग्लेनिसला वाटलं, एवढंच? बाळाची टोपी बांधावी तसं? मग त्याने एका फळीवरून रंगाची बारकी बाटली घेतली आणि काडीने सेन्सरवरून होल्डरपर्यंत एक पिवळी रेघ ओढली.

“हे काय?”

“खूण.”

“कशाची?”

“बसवल्याची.”

“कीथ असलं काही करत नव्हता.”

“नसेल करत,” तो म्हणाला आणि हात धुवायला गेला.

ग्लेनिस घरी आली ती त्या पिवळ्या रेघेचा विचार करतच. आधी नव्हती, आता का? जनावरांच्या कानाला मारतात तशी खूण आपल्या गाडीवर कशाला? तिने खाली वाकून पाहिलं, पण रेघ टाकीच्या सावलीत होती, नीट दिसेना. तिने पाना घेतला, आणि या वेळी जरा रागानेच, सेन्सर आवळला. बाहेर वारा पत्र्यावर धडका मारत होता. तिला तेवढाच आवाज ऐकू आला.

एप्रिलच्या दुसऱ्या मंगळवारी ती किलिक्रॅन्कीला निघाली होती. तिथे हेस्पर टिली राहायची, चौऱ्याऐंशी वर्षांची. बेटावर अर्धी माणसं तिला मावशी म्हणायची, आणि उरलेली तिला वचकून काही म्हणायची नाहीत. हेस्परची आंघोळ दहाला ठरलेली. एमिटा गाव मागे टाकून पाव तास झाला असेल नसेल, लाल दिवा लागला. ग्लेनिसने गाडी बाजूला घेईपर्यंत वाफ नडग्यांना लागत होती आणि कूलंटचा तो गोडसर वास नाकात बसला होता. फोनला रेंज नाही. तिने बँडेजची पेटी सोडवून खांद्याला मारली आणि चालू लागली. दोन्ही बाजूंच्या झुडपांतून कांगारूसारखे बारके वॉलबी उठून तिच्याकडे बघत होते. दोन तासांहून जास्त चालल्यावर एका मेंढपाळाची गाडी मिळाली.

ती पोचली तेव्हा साडेबारा वाजले होते. हेस्पर न्हाणीघराच्या फरशीवर बसलेली होती. वाट पाहून कंटाळली आणि आपली आपणच टबात उतरायला गेली. उतरली नाही, घसरलीही नाही, पण एकदा खाली बसली ती उठता येईना. अंगाला एक ओला टॉवेल, ओठ निळे.

“मला वाटलं तू मेलीस,” हेस्पर म्हणाली.

“नाही मावशी. गाडी बंद पडली.”

“परत?”

“परत.”

“मग मेला तो कोण आहे तुझा मेकॅनिक, त्याला इथे फरशीवर बसवून ठेव दोन तास.”

ग्लेनिसने तिला उचललं, गरम पाण्याने अंग पुसलं, दोन स्वेटर घातले, चहा पाजला. हेस्परच्या ओठांवर रंग परतल्यावर तिच्याच फोनवरून ग्लेनिसने गॅरेजला फोन केला.

डर्मट पिकअप घेऊन आला, तिला सोबत घेऊन बंद गाडीपाशी गेला आणि ती वर चढवायच्या आधी रस्त्यावरच गुडघे टेकून बॅटरीने बराच वेळ पाहत राहिला. मग उभा राहून त्याने तिला विचारलं, “घरी गाडीला कुणी हात लावतं का?”

तिचं डोकंच फिरलं. “माझ्या घरी मी एकटी राहते. तुला माहीत आहे ते. दिवससुद्धा माहीत आहेत तुला.”

“तसं नाही, मी विचारत होतो—”

“तू कशाला विचारतोस? तीन होल्डर झाले. एक चौऱ्याऐंशी वर्षांची बाई ओल्या फरशीवर दोन तास बसली. आणि तू मला विचारतोस घरी कोण असतं?”

त्याने बॅटरी विझवली. त्याच्या तोंडावर असा काही भाव आला की तिला वाटलं, पकडला गेलाय. गाडी व्हाइटमार्कला आल्यावर त्याने होल्डर सेन्सरसकट काढून पिशवीत घालून तिला दिला. “नवा मागवतो,” म्हणाला.

“नको. मी मागवेन आणि मीच बसवेन.”

“बरं,” एवढंच तो म्हणाला. त्या ‘बरं’मध्ये तिला सुटकाच ऐकू आली.

व्हर्नने आपली जुनी पिकअप तिला वापरायला दिली. मग पुढच्या दहा दिवसांत ग्लेनिस अकराच्या अकरा घरांत दोनदोनदा गेली, आणि प्रत्येक घरी तिने ही हकिकत सांगितली. खोटं एक अक्षर सांगितलं नाही. तीन होल्डर, पिवळी रेघ, घरी कोण असतं हा प्रश्न. फक्त सांगायचा क्रम असा, की शेवटचं वाक्य ऐकणाऱ्यानेच बोलावं.

“म्हणजे मुद्दामच की,” पायाची पट्टी बांधून घेताना कुणीतरी म्हणायचं.

“मी काही म्हणत नाही,” ग्लेनिस म्हणायची.

एका म्हाताऱ्याला आठवलं की आपल्या गाडीचे ब्रेक डर्मटने केल्यापासून कुरकुरतात. ते आधीही कुरकुरायचे, पण तेव्हा कीथ होता. दुसऱ्या घरी सुनेने तेल बदलायला गाडी दिली होती ती तशीच परत आणली. ज्यांना जमलं त्यांनी गाड्या व्हर्नच्या शेडकडे वळवल्या. मटनबर्ड नावाचे समुद्रपक्षी पकडायला बाहेरच्या बेटांवर जाणाऱ्यांची दर साली त्या दिवसांत बोटींच्या इंजिनांची घाई असते, त्यांचीही वर्दळ या वर्षी व्हर्नकडे दिसली. मेच्या सुरुवातीला डर्मटच्या दारावर पाटी लागली, गॅरेज आठवड्यातून तीन दिवस उघडं. उरलेले दिवस तो लेडी बॅरनला मासळी साफ करायला जातो असं कळलं.

“बघ,” व्हर्न म्हणाला, “मन खातंय त्याचं. नाहीतर भांडायला आला असता.”

ग्लेनिसलाही तेच वाटत होतं. निर्दोष माणूस असा मुकाट बसतो का?

होल्डर आला तो शनिवारी. जेवण आटोपून दुपारी ती शेडमध्ये गेली. घाई नव्हती, वाराही पडला होता. आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात तिने उरलंसुरलं कूलंट काढलं, जागा पुसली, डर्मटने केलं होतं तसंच सगळं आठवून आठवून. त्याच्याकडून शिकावं लागतंय याचा तिला राग आला, पण हात व्यवस्थित चालले. फक्त एक गोष्ट तिने वेगळी केली. टाकीखाली अंधारात चाचपत बसण्यापेक्षा सेन्सर आधी बाहेरच होल्डरमध्ये बसवावा आणि मग जोडी गाडीवर चढवावी, असं ठरवून तिने होल्डर खिडकीखालच्या टेबलावर घेतला.

सेन्सर हाताने फिरवला. आट्यांत सरळ गेला. मग बारका पाना लावला, जरासा फिरवला, थांबला. डर्मट इथेच थांबला होता. ग्लेनिसला ते पुरेसं वाटेना. तिने ॲथलचा मोठा स्क्रू पाना घेतला, होल्डर डाव्या मुठीत आवळून धरला आणि एक शेवटचा पीळ दिला.

टक्.

आवाज काही मोठा नव्हता. ग्लेनिसने पाना खाली ठेवला. मूठ उघडली. काळ्या प्लॅस्टिकवर, आट्यांच्या तोंडापासून खालपर्यंत, केसाएवढी बारीक चीर होती. तिने नख लावलं, नख अडकलं.

मग घरात गेली. स्वयंपाकघराच्या खिडकीत तिने पुरावा म्हणून मांडून ठेवलेले तिन्ही जुने होल्डर होते, ते घेऊन आली आणि ओळीने ठेवले. सगळ्यात जुना पांढुरका, भुगा होऊन फुटलेला. त्याचं तुटणं वेगळं. पण पुढचे दोन आणि हा आत्ताचा, तिघांच्याही अंगावर चीर एकाच जागी, एकाच सरळ रेषेत. तिसऱ्यावर पिवळा रंग होता. रेघेचा एक तुकडा प्लॅस्टिकवर. सेन्सर मात्र दर वेळी तोच होता, तो चौथ्यातून काढला तर त्याच्यावर रेघेचा दुसरा तुकडा. तिने सेन्सर त्या होल्डरमध्ये घालून हलक्या हाताने फिरवला. रेघ जुळली, आणि तरी सेन्सर पुढे सरकतच होता. जिथे तो शेवटी टेकला तिथे दोन्ही तुकड्यांत चांगलं बोटभर अंतर पडलं होतं. पितळेच्या कडा एका बाजूने घासल्या होत्या. तसे दात फक्त एकाच पान्याला होते, आणि तो तिच्या हातात होता.

तिला पहिल्यांदा काय वाटलं असेल तर हे, की कुणी पाहिलं नाही. शेडचं दार लोटलेलं होतं. हा फुटका होल्डर शेगडीत टाकला तर काळा धूर होईल आणि संपेल. दुसरा मागवायचा, हलक्या हाताने बसवायचा, गाडी चालायला लागेल. लोक म्हणतील, बघा, ग्लेनिसने स्वतः बसवला तो टिकला. पुरावा आणखी पक्का होईल. हा विचार तिच्या मनात इतका सरळ आणि सोपा आला की तिलाच आपली भीती वाटली.

रविवारी ती घराबाहेर पडली नाही. सोमवारी सकाळी लेडी बॅरनला जाण्याआधी ती गॅरेजवर गेली. डर्मट कुणाच्या तरी गवत कापायच्या यंत्राचं पातं घासत होता. दुसरी गाडी आत नव्हती.

तिने चौथा होल्डर त्याच्यासमोर ठेवला. “हा मागवून दे.”

त्याने चष्मा नाकावर ओढून तो उचलला, उजेडाकडे धरला. “कुणी बसवला?”

“मी.”

“बसवतानाच गेला?”

“हो.” मग ती जे ठरवून आली होती ते तिने बोलून टाकलं. “आधीचे दोन नवेही मीच फोडले. घरी गेल्यावर आवळायचे. ॲथलची सवय.”

डर्मटने होल्डर खाली ठेवला. चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. “पान्याचे दात दिसले होते मला,” तो म्हणाला. “दुसऱ्या वेळीच.”

“दुसऱ्या वेळी? मग तोंड शिवलं होतं का तुझं?”

“खात्री नव्हती. म्हणून रेघ मारली. तिसऱ्या वेळी ती सरकलेली दिसली, तेव्हा तुम्हाला विचारलं, घरी कुणी हात लावतं का. तुम्ही म्हणालात कुणी नाही.”

“मी तसं नाही म्हणाले. मी म्हणाले मी एकटी असते.”

“हो. मग मला वाटलं...” तो थांबला.

“काय वाटलं?”

“की तुम्ही मुद्दाम करताय.”

“मी? माझीच गाडी?”

“व्हर्न तुमचा दीर. त्याला हे गॅरेज हवं होतं. तुम्ही सगळीकडे जाता. मी म्हटलं, मला हाकलायचा बेत दिसतोय, आणि बेत घरातल्यांचा आहे. बाहेरच्याने तोंड उघडून काय उपयोग?”

“अकलेच्या कांद्या,” ग्लेनिस म्हणाली, “माझी मावशी फरशीवर गारठली. बेतासाठी?”

“तेवढं मात्र बसत नव्हतं,” त्याने कबूल केलं. “त्याच्यावर मी खूप विचार केला.”

“आणि माझे दिवस कशाला विचारलेस? कुठल्या दिवशी कुठे जाते ते?”

“पार्ट आला की तुम्ही गावात असाल तेव्हा सांगता यावं म्हणून. तुमचा फोन लागत नाही कधी.”

ते खरंच होतं. तिला हसू आलं नाही, त्यालाही नाही. दोघं त्या फुटक्या बोंडाच्या दोन बाजूंना उभी होती आणि एकमेकांवर पुरता विश्वास अजून बसला नव्हता. त्याने शेवटी वहीत पार्टचा नंबर लिहिला.

“याला हाताने बसवायचं,” तो म्हणाला, “आणि पान्याने पाव फेरा. पाणी अडवायचं काम रबराची रिंग करते. जोर नाही करत.”

“मी लोकांना सांगेन,” ग्लेनिस म्हणाली. “सगळ्यांना.”

“तुमची मर्जी.”

सांगणं तिला वाटलं होतं त्यापेक्षा फार कठीण गेलं, आणि ते लाजेमुळे नाही. लाज तिने पहिल्याच घरी गिळली. कठीण गेलं ते लोकांना खरं नकोच होतं म्हणून. ब्रेकवाल्या म्हाताऱ्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “त्याने धमकावलं का तुला?” दुसऱ्या घरची सून भुवया उंचावून म्हणाली, “एकटा आहे ना तो? आणि तूही एकटीच.” तिसऱ्या घरी तर म्हातारी नुसती हात थोपटत राहिली, जणू ग्लेनिसलाच काहीतरी झालंय.

व्हर्नला तिने पिकअपची किल्ली परत देताना सांगितलं. तो बराच वेळ किल्ली बोटावर फिरवत राहिला.

“एक पीळ दिला म्हणून कुठे पार्ट फुटतो?”

“माझ्या हातात फुटला, व्हर्न. टक् वाजलं.”

“मग तो पार्टच तसला मागवत असेल.”

“हा मी मागवलेला.”

“तुला आता त्याचंच खरं वाटणार,” व्हर्न म्हणाला आणि शेडमध्ये निघून गेला. महिनाभर तो तिच्याशी धड बोलला नाही. ग्लेनिसच्या लक्षात आलं की महिन्यापूर्वी तिनेच लोकांच्या हातात दिलेली गोष्ट आता तिच्या हातची राहिली नव्हती.

शुक्रवारी हेस्परची पाठ चोळताना तिने सगळ्यात शेवटी तिला सांगितलं. हेस्पर पाण्यात बोटं हलवत ऐकत राहिली. मग टबातल्या टबात मान वळवून म्हणाली, “म्हणजे मी फरशीवर बसले ती तुझ्यामुळे?”

“हो, मावशी.”

“बरं झालं सांगितलंस. मी त्या माणसाला रोज रात्री शिव्या घालून झोपत होते. आता तुला घालेन.” थोड्या वेळाने ती म्हणाली, “पाण्याचा पंप मधेच बंद पडतो माझा. व्हर्न दोनदा येऊन गेला. त्या पलीकडच्याला बोलाव. मी स्वतः बघते कसा आहे ते.”

पुढच्या मंगळवारी डर्मट किलिक्रॅन्कीला आला. ग्लेनिसही तिथेच होती, तिच्या गाडीला पाचवा होल्डर लागून दोन दिवस झाले होते. हेस्परने पंपाच्या खोपटासमोर खुर्ची मांडायला लावली, गुडघ्यांवर घोंगडी घेतली आणि दीड तास ती डर्मटच्या हातांवरून नजर न हलवता बसली.

“ते काय काढलंस?”

“झडप.”

“का?”

“झिजलीय.”

“दाखव.”

त्याने आणून दाखवली. तिने ती नाकाजवळ नेऊन पाहिली, वास घेतला आणि घोंगडीच्या घडीत ठेवून दिली. “तू टास्मानिया का सोडलंस?”

डर्मटने एक बोल्ट बसवला, दुसरा बसवला.

“माझ्या भावाचं आणि माझं गॅरेज होतं,” तो म्हणाला. “त्याला वाटत होतं मी त्याला फसवतोय.”

“फसवत होतास?”

“नाही.”

“तसं तर सगळेच म्हणतात,” हेस्पर म्हणाली.

“हो,” तो म्हणाला. “म्हणून निघून आलो.”

पंप चालू झाला. स्वयंपाकघरातल्या नळाला भरभरून पाणी आलं. हेस्परने ग्लेनिसला चहा करायला लावलं, स्कोनचे छोटे पाव आणि जर्दाळूचा मुरंबा पुढे ठेवला आणि डर्मटने किती मुरंबा घेतला तेही पाहून ठेवलं. तो गेल्यावर त्याची पिकअप वळणाआड जाईपर्यंत ती खिडकीतून बघत होती.

“माणूस बरा दिसतो,” ती म्हणाली. “पण पंपाचं काय ते आठ दिवसांनी कळेल.”

आठ दिवसांनी पंप चालू होता. पंधरा दिवसांनीही. हेस्परने फोनवरून चार जणांना ते सांगितलं, आणि हेस्परचं म्हणणं खोडायची बेटावर पद्धत नव्हती. जूनच्या अखेरीस डर्मटच्या दारावरची पाटी बदलली, आता आठवड्यातून चार दिवस. पाचव्या दिवशी तो अजून मासळी साफ करायला जातो. व्हर्नकडची अर्धी गिऱ्हाइकं व्हर्नकडेच राहिली. ग्लेनिस मात्र गाडी डर्मटकडेच नेते आणि खुर्चीवर बसते. तो खाली वाकून काम करतो आणि अधूनमधून मागे वळून तिच्या हातांकडे पाहून घेतो.